साखर द्या, की देऊ नका?

आमच्या सक्करदऱ्याच्या नावातच साखर आहे, असं मी शाळेत असताना मुलांना गमतीनं सांगत असे. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, कानाला ते गोड लागतं एवढं खरं. तीस वर्षं मी इतिहास शिकवला. दुसऱ्यांचे ताम्रपट, शिलालेख, नाणी वाचून दाखवली. पण आपल्या स्वतःच्या अंगावरही काहीतरी लिहिलेलं असावं आणि वेळप्रसंगी ते अनोळखी माणसाला वाचता यावं, हे मला माझ्याच मोहल्ल्यातल्या बुधवार बाजारानं शिकवलं.

गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. महालक्ष्म्यांच्या आधीचा बुधवार. विदर्भातल्या घरात महालक्ष्म्या म्हणजे काय धांदल असते, ते मी वेगळं सांगायला नको. सोळा भाज्यांची यादी घेऊन मी सकाळीच बाजारात गेले. मला तेव्हा मधुमेह होऊन चौदा वर्षं झाली होती आणि दोन वर्षांपासून इन्सुलिन सुरू होतं. सकाळचं इंजेक्शन घेतलं, पोहे दोन घास खाल्ले, आणि बाकीचे ‘आल्यावर खाईन’ म्हणून झाकून ठेवले. इंजेक्शनला काही ठाऊक नसतं की बाईंनी पोहे झाकून ठेवलेत. ते आपलं काम करत राहतं.

पुढचं मला आठवत नाही. जे सांगते आहे ते नंतर लोकांकडून कळलेलं आहे. मी एका भाजीवालीच्या दुकानासमोर उभी राहून एकाच दोडक्याचा भाव पुन्हा पुन्हा विचारत होते. अंगाला दरदरून घाम सुटला होता. मग मी मोठमोठ्यानं बोलायला लागले, पिशवी फेकली आणि खाली बसले. गर्दी जमली. कुणी म्हणालं, “अंगात आलं वाटते.” एकदोघींनी हातही जोडले. पुरुष असते तर ‘सकाळी सकाळी घेऊन आला’ म्हणून लोक पुढे निघून गेले असते. मी बाई होते, कपाळाला कुंकू होतं, सण तोंडावर होता, म्हणून देवी आली.

यात मी कुणाला हसत नाही. विचित्र वागणाऱ्या माणसाकडे हात जोडून बघण्याची सक्करदऱ्याची सवय जुनी आहे. ज्यांना वेडे ठरवून १८९२ साली नागपूरच्या पागलखान्यात ठेवलं होतं, त्या ताजुद्दीन बाबांना १९०८ साली राजे रघुजीराव भोसले आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यावर सन्मानानं घेऊन आले. जगानं वेडा म्हटलेल्या माणसात वेगळं काही पाहणारी ही वस्ती. मला कुणी ढकललं नाही, हाकललं नाही, ही तिचीच पुण्याई म्हणायची.

पण गंमत पुढे आहे, आणि धोकाही. एका चहाच्या टपरीवाल्यानं मला सावलीत बसवलं. ग्लासभर पाण्यात साखर घालून तो देणार, इतक्यात कुणीतरी घरचा नंबर मिळतो का म्हणून माझी पिशवी उघडली. त्यात इन्सुलिनचं पेन निघालं. ते पाहून भाजीवाली ओरडली, “अवो, हिले शुगर आहे! साखर नोका देऊ, मरंल ते!” टपरीवाल्याचा हात तिथल्या तिथे थांबला. मग कुणी साधं पाणी दिलं, कुणी लिंबू नाकाशी धरलं. सगळ्यांची इच्छा चांगली, आणि सगळे मिळून मला त्या एकाच वस्तूपासून दूर ठेवत होते जिची मला गरज होती. त्या वेळी चौकातून आयुर्वेद महाविद्यालयाची एक विद्यार्थिनी चालली होती. ती गर्दीत घुसली, पेन हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, “साखरच द्या. आत्ता.” तिच्या आवाजात काहीतरी असलं पाहिजे, कारण लोकांनी ऐकलं. दहा-पंधरा मिनिटांनी मी विचारलं, “माझी दोडकी कुठे आहेत?”

घरी आल्यावर मी विचार करत बसले. त्या भाजीवालीचं चुकलं का? इतिहासाची शिक्षिका म्हणून माझं उत्तर आहे, नाही. ती दोन हजार वर्षांच्या ज्ञानाला धरून बोलत होती. मधुमेह हे नावच पाहा. मूत्र मधासारखं गोड होतं, त्याला मुंग्या लागतात, हे आपल्या चरक-सुश्रुतांच्या परंपरेनं फार जुन्या काळी नोंदवून ठेवलं. तेव्हापासून गोड आणि हा आजार यांचं वैर आपल्या मनात पक्कं बसलं आहे. आजारालाच आपण ‘शुगर’ म्हणतो. शुगर असलेल्याला शुगर देऊ नये, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

मात्र शंभर वर्षांपूर्वी या गोष्टीला एक उलटी बाजू निर्माण झाली. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळं काढलं. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या, मरणाच्या दारात असलेल्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते औषध पुरेसं शुद्ध नव्हतं. कोलिप या रसायनतज्ज्ञानं ते अधिक शुद्ध केलं, २३ जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली आणि मुलगा सावरला. हा भाग पाठ्यपुस्तकात असतो. जो नसतो तो असा, की त्याच कोलिपनं सशांना इन्सुलिन टोचलं तेव्हा त्यांना झटके आले, ते बेशुद्ध पडले, आणि ग्लुकोज देताच पुन्हा उठून बसले. म्हणजे औषध सापडलं त्याच हिवाळ्यात औषधाचा धोकाही सापडला, आणि त्या धोक्यावरचा उतारा साखर आहे हेही कळलं.

त्याआधी मधुमेहाचा रुग्ण साखर कमी पडून भर रस्त्यात पडण्याचा प्रश्नच फारसा नव्हता. तो साखर वाढून हळूहळू खंगत जाई. इन्सुलिननं त्याला जगवलं, शाळेत पाठवलं, नोकरीला लावलं, बाजारात धाडलं. आणि तिथे, अनोळखी माणसांच्या गर्दीत, त्याच्यावर ही नवी आपत्ती येऊ लागली. जेवण लांबलं, उपवास घडला, चालणं जास्त झालं, की रक्तातली साखर एकदम उतरते. मेंदूला साखर मिळेनाशी झाली की माणूस घामाघूम होतो, थरथरतो, बरळतो, चिडतो, कधी मारायलाही धावतो. दारू प्यायल्यासारखाच दिसतो. नेमक्या ज्या क्षणी त्यानं ‘मला साखर द्या’ म्हणायला हवं, त्याच क्षणी त्याला ते म्हणता येत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीनं कुणीतरी, काहीतरी बोललं पाहिजे.

आता हे पाहा, माणसाच्या वतीनं वस्तूनं बोलायचं, ही कल्पना आपल्याला मुळीच परकी नाही. आपण चपराशी म्हणतो तो शब्द चपरास या शब्दावरून आला. चपरास म्हणजे पट्ट्याला लावलेला कोरीव अक्षरांचा पितळी बिल्ला. हा माणूस कोणत्या कचेरीचा, ते बिल्ला सांगायचा. त्या पट्ट्यावरून मराठीत पट्टेवाला झाला. गळ्यातली तुळशीची माळ वारकऱ्याची ओळख देते, मंगळसूत्र आणि जोडवी बाईची. आमच्या आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या हातावर नाव गोंदलेलं असे. जत्रेत हरवलं, बोलता आलं नाही, तरी हात वाचून कुणीतरी घरी पोचवेल, हा त्यातला एक हिशेब होता. सैन्यांनीही तेच केलं. १९०६ साली अमेरिकेनं आणि १९०७ साली ब्रिटननं सैनिकाच्या गळ्यात नावाचा धातूचा बिल्ला घालायची पद्धत ठरवून टाकली. जो बोलू शकणार नाही त्याचं नाव बिल्ल्यानं सांगावं म्हणून.

आजारासाठी असा बिल्ला रूढ झाला तो एका वडिलांच्या काळजीतून. कॅलिफोर्नियातल्या टरलॉक नावाच्या छोट्या गावात डॉ. मेरियन कॉलिन्स राहत असत. १९५३ साली त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीला, लिंडाला, जखम झाली म्हणून धनुर्वाताचं प्रतिविष द्यायचं होतं. आधी चाचणीपुरता एक थेंब टोचला, तर त्यानंच ती मरता मरता वाचली. पुढे तिला कुठे अपघात झाला आणि कुणा डॉक्टरानं नकळत तेच औषध दिलं तर? आईवडिलांनी तिच्या कोटाला चिठ्ठी टाचली, मनगटाला कागदाची पट्टी बांधली. मुलगी मोठी झाली, कॉलेजात जायला निघाली. कोटाला चिठ्ठी लावून कोणती मुलगी कॉलेजात जाईल? तेव्हा वडिलांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सराफाकडून चांदीचं ब्रेसलेट घडवून घेतलं आणि त्यावर तिला न चालणाऱ्या औषधांची नावं कोरली. त्यातूनच १९५६ साली ‘मेडिकअलर्ट’ ही संस्था उभी राहिली. बिल्ल्यावर आजार आणि एक क्रमांक. फोन केला की पुढची माहिती मिळणार. पुढे मधुमेहाच्या, अपस्माराच्या, हृदयविकाराच्या असंख्य रुग्णांनी असे बिल्ले घातले. १९६३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशननं त्यासाठी एक सहा टोकांची खूण तयार केली, मध्ये काठीला वेढलेला साप, आणि ती कुणीही वापरावी म्हणून मोकळी ठेवली.

१९५६ म्हटलं की नागपूरकराच्या मनात दुसरंच काही येतं. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्माची दीक्षा घेतली. बाबासाहेब तेव्हा मधुमेहानं अतिशय थकलेले होते; पाय दुखत, काठीचा आधार लागे. पुढे दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, त्यांचं निधन झालं. नागपुरात सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात त्यांचा मुक्काम होता, आणि सोबत माईसाहेब होत्या, ज्या स्वतः डॉक्टर होत्या. त्यांच्या आजाराचं सगळं ठाऊक असलेलं माणूस त्यांच्या शेजारी उभं होतं. त्या मैदानावर आलेल्या लाखोंपैकी किती जणांना तोच आजार असेल आणि त्यांच्या शेजारी कोण असेल? एकट्या चालणाऱ्या सामान्य माणसाजवळ त्याच्या अंगावर जे असेल तेवढंच असतं.

तर बुधवार बाजाराच्या त्या प्रसंगानंतर मी ठरवलं, बिल्ला करायचा. मुलानं बाहेरून मागवलेला एक बिल्ला आणून दिला. सुंदर होता. सापाची खूण होती, इंग्रजीत ‘डायबेटिक’ असं कोरलेलं होतं. मी तो हातात घेतला आणि मला भाजीवाली आठवली. हा बिल्ला त्या दिवशी माझ्या हातात असता, तर काय झालं असतं? सापाची खूण कुणी ओळखली नसती. ओळखणाऱ्यानं ‘डायबेटिक’ वाचलं असतं आणि म्हटलं असतं, शुगर आहे, साखर देऊ नका! पेन दिसल्यावर जे झालं तेच झालं असतं. दवाखान्यातल्या डॉक्टरला तेवढा एक शब्द पुरेल. पण दवाखान्यात पोचेपर्यंत मी बाजारातल्या माणसांच्या हाती असणार, आणि त्यांच्यासाठी आजाराचं नाव कामाचं नाही. काय करायचं, ते लिहायला हवं.

म्हणून मी इतवारीच्या सराफा बाजारात गेले. सराफाला कागदावर मजकूर लिहून दिला. त्यानं वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, “मॅडम, एक शब्द राहिला का? साखर देऊ नका, असं पाहिजे न?” मी म्हटलं, “नाही भाऊ. साखर द्या, असंच पाहिजे.” मग त्याला सगळी हकिगत सांगितली. त्याच्या आईलाही शुगर होती. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “अक्षरं जास्त होतात, कमी करू.” आम्ही दोघांनी काउंटरवर बसून काटछाट केली. नाव काढलं, ते फोनवर कळेलच. पत्ता काढला. शेवटी एका बाजूला राहिलं: ‘इन्सुलिन घेते. घाम, बडबड दिसली तर साखर द्या.’ दुसऱ्या बाजूला: ‘बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या,’ आणि मुलाचा फोन नंबर. चांदी काळी पडते म्हणून त्यानंच स्टीलची पट्टी सुचवली. बांगड्यांच्या मध्ये ती बसते. आधी बायका विचारायच्या, ही कोणत्या नवसाची? आता वाचतात.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मला पुतणीबद्दल सांगायचं आहे.

माझ्या धाकट्या दिरांच्या मुलीला अकराव्या वर्षी मधुमेह झाला. हा लहानपणी होणारा, टाइप वन. यात पहिल्या दिवसापासून इन्सुलिन लागतं आणि ते चुकवून चालत नाही. अशा मुलांसाठी आपल्याच नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी ‘ड्रीम ट्रस्ट’ काढला, १९९५ साली. ज्यांच्या आईवडिलांना इन्सुलिन परवडत नाही अशा मुलामुलींना इन्सुलिन आणि सुया पुरवायच्या आणि आजारासह जगायला शिकवायचं, हे त्या संस्थेचं काम. पुतणीच्या घरी पैशाची अडचण नव्हती. तिची अडचण वेगळी होती.

ती बावीस वर्षांची झाली तेव्हा मी तिच्यासाठी माझ्यासारखीच पट्टी करून नेली. सराफाला सांगून नाजूक करून घेतली होती. तिनं ती पाहिली, वाचली आणि माझ्या हातात परत दिली. म्हणाली, “मोठी आई, तुझं लग्न झालं आहे.”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आम्ही अंगावर किती गोष्टी मिरवतो, ते आत्ताच मी तुम्हाला सांगितलं. जात, धर्म, लग्न, नवस, सगळं वाचता येईल असं अंगावर घालतो. पण आजार? आजार झाकायचा. त्यातून मुलीचा आजार तर घरातल्या घरात झाकायचा. पाहायला येणाऱ्या मंडळींसमोर चहाचा ट्रे घेऊन जाणाऱ्या हातावर ‘इन्सुलिन घेते’ हे कसं चालणार? मी त्या मुलीला भित्री म्हणू शकत नाही. ती भितेय ते तिनं कल्पिलेलं नाही. तिच्या दोन मैत्रिणींचे जमत आलेले विवाह याच कारणानं मोडलेले तिनं पाहिले होते. चांदीची पट्टी हवी म्हणणाऱ्या लिंडाची अडचण अशी होती की कोटावरची चिठ्ठी वाईट दिसते. आमच्या मुलीची अडचण अशी की चांदीचीही वाचता येते.

मग आम्ही एक मधला मार्ग काढला. पट्टी घड्याळाच्या पट्ट्याला आतून लावली. कॉलेजात, बसमध्ये, नोकरीच्या जागी ती घालते. तिच्या दोन मैत्रिणींना ती कुठे आहे ते माहीत आहे. मोबाइल कुलूपबंद असतानाही दिसेल अशी आपत्कालीन माहिती तिनं भरून ठेवली आहे. आजच्या बहुतेक फोनमध्ये ती सोय आहे. पण फोनची बॅटरी संपते, गर्दीत फोनच जातो, म्हणून पट्टीही हवी, हे तिनं मानलं. घरी पाहुणे यायचे असले की घड्याळ काढून ठेवते. त्या वेळात तिला काही होऊ नये, अशी मी प्रार्थना करते. मुलाकडच्यांना आधीच स्पष्ट सांगावं, असं माझं मत मी घरात मांडलं आहे. ते सगळ्यांना पटलेलं नाही. जो आजार कळल्यावर जाईल तो गेलेलाच बरा, हे म्हणायला मला सोपं आहे; माझं लग्न झालं आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत. त्या सगळ्यांची साखर अशी उतरत नाही. इन्सुलिन आणि काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका असतो. तरीही ही संख्या लहान नाही. त्यांतले कित्येक जण आज तुमच्या शेजारी सिटी बसमध्ये, रांगेत, लग्नाच्या पंगतीत बसलेले असतील.

म्हणून दोन गोष्टी सांगते. इन्सुलिन किंवा अशा गोळ्या घेत असाल तर अंगावर काहीतरी असू द्या. चांदीचं, स्टीलचं, नाहीतर पाकिटात जाड कागदाची चिठ्ठी. आपल्या गावातल्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत, आणि त्यात नुसता आजार न लिहिता काय करायचं ते लिहा. खिशात साखरेची पुडी ठेवा. आणि ज्यांना हा आजार नाही त्यांनी एवढं लक्षात ठेवा: मधुमेहाचा माणूस अचानक घामाघूम झाला, बरळायला लागला, आणि त्याला गिळता येत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या, आणि नंतर खायला द्या. साखर वाढली आहे की उतरली आहे, याची शंका असेल तरी द्या. वाढलेल्या साखरेत चार चमच्यांनी त्या घडीला फारसं बिघडत नाही; उतरलेल्या साखरेत वाट पाहिली तर जीव जाऊ शकतो. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आपल्या महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे.

त्या भाजीवालीकडे मी अजून भाजी घेते. मागच्या बुधवारी तिनं माझा हात धरून पट्टी पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, “पाह्य व, याच्यावर लिवलं आहे, साखर द्याची.” तिला वाचता येत नाही. तिनं नातीकडून वाचून घेतलं होतं.